कानात सांगितलेलं नाव

भावजयीच्या आईनं त्या दिवशी मला सावरलं, हे आधी लिहिते. त्या माढ्याकडच्या, शेतीत राबलेल्या बाई. मी त्यांच्या जावयाची थोरली बहीण, आणि मी त्यांना मावशी म्हणते. मुलीकडच्यांनी मुलाकडच्यांपुढं दबून राहायचं अशी आपल्याकडं रीत आहे, पण बारशाच्या दिवशी भरल्या हॉलमध्ये दबून बसले होते ती मी, आणि बोलल्या त्या. काय झालं ते आता सांगते. सातवीनंतर माझी शाळा सुटली, त्यामुळं लिहिताना मागचं पुढं होईल, तेवढं चालवून घ्या.

मी बंगळुरात असते. अक्कलकोटच्या पुढं आमचं गाव, घरात कानडी आणि मराठी दोन्ही, म्हणून तिकडं काम मिळायला अडचण आली नाही. एका पाळणाघरात आहे. भरवायचं, निजवायचं, धुवायचं. इतकी वर्षं झाली तरी सकाळी कामावर जाताना मनात येतंच, आज काही चुकलं तर? आणि नेमकी मुलांची नावंच चुकतात. सगळी तोकडी, एकमेकांसारखी. आर्वी, आन्वी, आर्या. एकीला हाक मारली की तिघी माना वळवतात. आमच्या वेळी शाळेत सुनीता, अनिता, संगीता यांचा असाच गोंधळ असायचा, बाई आडनावानं उठवायच्या. आमच्या आधीच्या बायका कुसुम, सुमन, शांता. त्यांच्याही आधीच्या गौरव्वा, नागव्वा, शिवव्वा. लहानपणी नळावर ‘नागव्वा’ म्हटलं तर निम्म्या बायका ओ द्यायच्या. आता सगळ्या गावात एकही नसेल.

माझी आई त्या ‘अव्वा’वाल्यांतली. म्हणजे जन्मानं. लग्नात आमच्या आत्याला ते नाव जुनाट वाटलं, म्हणून तिनं ताटात तांदूळ पसरून त्यावर दुसरं नाव लिहायला लावलं. त्या वेळचं नवं, शहरातल्या बायकांचं नाव. तेही आता म्हातारं झालं. आणि ते तरी कोण घेत होतं? वडील ‘अगं’ म्हणायचे. सासू ‘ए पोरी’ म्हणायची, आईचे केस पांढरे व्हायला लागले तरी. गावाला ती धाकट्याची, माझ्या भावाची आई. तिचं जन्माचं नाव घेणारा एकच माणूस होता, तिचा थोरला भाऊ. मामा सीमेपलीकडनं यायचा आणि उंबऱ्यात चपला काढता काढता त्या नावानं हाक मारायचा, शेवट लांबवून. मला कळायचंच नाही हा कुणाला बोलावतोय. आणि आई, जी एरवी कितीही बोलावलं तरी भाकरी अर्धी टाकून उठायची नाही, ती पिठाच्या हातानं पळत बाहेर यायची.

मामा गेला तेव्हा मातीहून परतल्यावर आई अंगणात नुसती बसून राहिली. मग म्हणाली, “आता मला नावानं बोलावणारं कोण न्हाय.”

मी म्हणाले, “आमी हाय की.”

“तुमी आई म्हणता,” ती म्हणाली.



आईही गेली. चौकात तिचा फोटो लावला त्याच्याखाली सासरचंच नाव होतं. त्यानंतर दोन वर्षांनी सोलापुरात भावाला मुलगी झाली. मला मूल नाही. कुणाचं नाव ठेवायची माझी ही एकच वेळ, आणि नाव ठेवायचा मान तर आत्याचाच. त्यामुळं भावाचा फोन आला तेव्हापासून मनात एकच गोष्ट होती, आईचं जन्माचं नाव पोरीला द्यायचं. गाडीत रात्रभर मी ते ओठांत घोळवत आले. विषय कसा काढायचा तेही ठरवत आले.

काहीच ठरल्यासारखं झालं नाही. घरात पाऊल टाकलं तर दिवाणखान्यात थर्माकोलची मोठी गुलाबी अक्षरं भिंतीला टेकवून ठेवलेली. नाव आधीच ठरलं होतं. भावानं मोबाईलवर शोधलं होतं, भावजयीनं पसंत केलं होतं. दोन अक्षरी, गोड नाव. माझ्या पाळणाघरात त्या नावाच्या दोघी आहेत, हे मी बोलले नाही.

बारशाच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात आम्ही घुगऱ्यांचे हरभरे निवडत बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विषय काढला.

भाऊ ओशाळला. “अक्का, खरं सांगू का? शाळेत पोरं टिंगल करतील गं तिची. ‘अव्वा’ लागलेलं नाव आता कोण ठेवतंय?”

“आणि मी काय करू अक्का?” भावजय म्हणाली. “सासूबाईंचं नाव तोंडानं कसं घेऊ? हिनं दूध सांडलं तर काय म्हणू? अहो सासूबाई, सांडू नका, पाया पडते?”

सगळे हसले. मीही हसले. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, ती सरळ पोरगी आहे. आणि दोघांचं खोटं तरी कुठं होतं? आमच्याकडं पाळणाघरात एक मुलगी होती, पणजीच्या नावाची. तिची आई दारात आली की दबक्या आवाजात तिला वेगळ्याच नावानं हाक मारायची, इतर बायका ऐकतील म्हणून. ते मी रोज बघायची. मग कुठल्या तोंडानं हट्ट धरू? आणि मी शिकलेलीही नाही, हे तर मनात असतंच.

“राहू दे, सहज आपलं म्हटलं,” मी म्हणाले आणि परत हरभऱ्यात हात घातला.

मावशी तिथंच होत्या, सुपातले खडे काढत.  संध्याकाळी मी गॅलरीत दुपटी काढत होते, तेव्हा गुडघ्यावर हात ठेवत माझ्याजवळ आल्या.

“अक्का, काय नाव म्हणला तुमच्या आईचं?”

मी सांगितलं. त्यांनी ते एकदा सावकाश म्हणून बघितलं. मग हातातलं दुपटं झटकत म्हणाल्या, “माझं बी बदलल्यालं हाय की. ह्या पोरीला, माझ्या लेकीला, अजून म्हाईत न्हाय.”

“मग सांगा की तिला.”

“आता सांगून काय करू? तिनं इचारायला पायजे.”

मी विचारलं. त्यांनी सांगितलं. नंतर दोघींनी मिळून राहिलेल्या दुपट्यांच्या घड्या केल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या हॉलमध्ये बारसं. फुलांनी सजवलेला पाळणा, मागं ती गुलाबी अक्षरं, केक, आणि व्हिडिओ काढायला आलेली एक चटपटीत मुलगी. पोरीला दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या वरून-खालून दिली-घेतली, बायकांनी पाळणा म्हटला. मग मला पुढं बोलावलं. मी पाळण्याशी वाकले, तर त्या मुलीनं माझ्या तोंडापुढं माईक धरला.

“आत्या, नाव मोठ्यानं सांगा हं, माईकमध्ये. आणि कॅमेऱ्याकडं बघा. सांगितलं की आम्ही फुगे फोडणार.”

खरं सांगते, तोवर मी मनाशी एक ठरवून ठेवलं होतं. कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू आईचं नाव आधी कानात सांगायचं, मग ह्यांचं. कानातलं कोण ऐकतंय? पण पुढ्यात माईक आला. नुसता श्वास टाकला तरी हॉलभर घुमत होता. चोरून करायचं तेही राहिलं. मी वाकले ती वाकलेलीच राहिले. मागनं कोणीतरी म्हणालं, “आत्या नाव विसरली वाटतं!” आणि हशा झाला. भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, “अक्का, मागं लिहिलंय बघ.”

मी मान वर करून त्या अक्षरांकडं बघितलं. आता ते भिंतीवरचं नाव वाचून मोकळं व्हायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात मावशी उठल्या. सरळ आल्या आणि त्या मुलीचा माईकचा हात धरून बाजूला केला.

“बंद कर ते. कानात सांगायचं असतंय, गावाला न्हाय.”

“आजी, व्हिडिओत येणार नाही मग.”

“न येऊ दे.” मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाल्या, “अक्का, आधी तुमच्या आईचं सांगा. सावकाश. मग पोरांनी ठरवल्यालं सांगा. एका कानात दोन मावत्यात.”

“अगं आई...” भावजय म्हणाली.

“तुला हाक मारायला लावलीया का मी? तू तुझं म्हण की.”

 मी पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि आईचं नाव सांगितलं, मामा घ्यायचा तसं, शेवट लांबवून. कुर्र केलं. मग दुसरं सांगितलं. पाठीत धपाटे बसायला लागले. मी रडत होते, आणि बायकांना वाटलं धपाटा जोरात बसला. “सोडा गं, मोडंल आत्या,” म्हणून त्या हसत होत्या. फुगे फुटले. पोरगी दचकून रडली.

झालं ते एवढंच. कागदावर पोरीचं ते दोन अक्षरीच नाव आहे, सगळे त्याच नावानं हाक मारतात, आणि ती आता त्या नावाला हसून मान वळवते. व्हिडिओ कॉलवर मी एकदा आईच्या नावानं हाक मारून बघितली. ती तिच्या खुळखुळ्याकडंच बघत राहिली. तिचं काय चुकलं? मी फोन ठेवला आणि पाळणाघरातल्या पोरांचा भात कालवायला लागले. मूठभर गरम भात हातात तसाच राहिला होता, चटका बसल्यावर कळलं.

गेल्या महिन्यात मावशींचा फोन आला. भावजयीची रजा संपली, ती बँकेत जायला लागली, दिवसभर पोर मावशींकडं असते. बोलता बोलता म्हणाल्या, “दुपारी दोघीच असतो नव्हं, तवा मी तुमच्या आईच्या नावानं हाका मारती हिला. म्हातारीचा चाळा म्हणा.”

मी फोन कानाशी आणखी जवळ धरला.

“मी हाय तवर मारती,” त्या म्हणाल्या. “पुढचं काय सांगू?”

त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन करायचं ठरतंय. लेकीला पुन्हा रजा मिळणार नाही, म्हणून त्या पुढं ढकलतायत, हे मला भावाकडून कळलं. माझी नोकरी अशी, की चार दिवस नाही गेलं तर दुसरी बाई ठेवतील. त्याची धास्ती मला आहेच, लपवत नाही. तरी मी मावशींना कळवलंय की तारीख धरा. मी येईन. पोरीला सांभाळीन, त्यांना धरून चालवीन, न्हाऊ घालीन, त्या स्वतःच्या पायानं पोरीमागं फिरायला लागेपर्यंत सोलापुरातनं हलणार नाही. त्यांचं ऋण फिटेल त्यानं, असं नाही. पण तेवढं तरी मी करीनच.