आत्यांचं परराष्ट्र खातं

आमच्या आत्यांना वेळेवर बोलावलं असतं, तर जगातली निम्मी युद्धं सुरू होण्याआधीच मिटली असती आणि उरलेल्या निम्म्यांतले सेनापती पोटभर जेवून, हातात विडा घेऊन आपापल्या घरी गेले असते, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. आत्या म्हणजे माझ्या बायकोच्या आत्या. राहायला नारायण पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, एकट्या. वडील लवकर गेल्यामुळे सगळ्या धाकट्या भावंडांची लग्नं त्यांनीच उभं राहून लावली. स्वतःचं राहून गेलं, आणि ते कसं राहिलं हे विचारण्याची आमच्यापैकी कुणाची छाती नाही. या लग्नांतून त्यांच्या अंगी एक कसब आलं, ते म्हणजे रुसलेल्या माणसाला पानावर आणून बसवण्याचं. पत्रिकेत नाव बारीक अक्षरात छापलं म्हणून नवरदेवाचे काका रुसले, की मांडवातून हाक उठायची, आत्यांना बोलवा. आत्या जायच्या, काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या, रुसण्याबद्दल चकार शब्द न काढता त्यांची साखर हल्ली किती असते ते विचारायच्या, आणि थोड्या वेळाने काका जिलबी खाताना दिसायचे.

पुढे लग्नं कंत्राटावर गेली. कानात यंत्र घातलेली मुलंमुली मांडवात फिरू लागली आणि पाहुणेही समोर रुसायचं सोडून घरच्या ग्रुपवर रुसू लागले. त्यातच आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पडल्या पडल्या वेळ जावा म्हणून माझ्या बायकोने त्यांच्या फोनवर एक खेळ घालून दिला. तिला वाटलं, शेतीचा आहे. शेती होती, पण ती फौजेला पोसण्यासाठी. देशभरातली माणसं एकाच नकाशावर आपापलं गाव वसवतात, काही गावं मिळून राज्य होतं, आणि मग ही राज्यं एकमेकांवर स्वाऱ्या करतात, असा तो सगळा मामला होता. आत्यांनी गावाचं नाव ‘सुखनिवास’ ठेवलं आणि गहू पेरला. एका दुपारी कुणीतरी येऊन सगळा गहू लुटून नेला. दुसरं कुणी असतं तर तलवारी घडवायला घेतल्या असत्या. आत्यांनी लुटारूला निरोप पाठवला, ‘आपण येऊन गेलात ते कळलं नाही, मी जरा पडले होते. गहू हवा होता तर मागायचा. घरी काही अडचण आहे का?’ लुटारू इतका ओशाळला की गहू दुपटीने परत आला आणि वर मेंढ्या आल्या. ही गोष्ट राज्यभर झाली आणि राजाने आत्यांना थेट परराष्ट्रमंत्री नेमलं. हा राजा मार्केट यार्डातला गुळाचा व्यापारी. गाळ्यावर ढेपा उतरवून घेता घेता तो राज्य करायचा, त्यामुळे त्याचे हुकूम हमालांना आणि हमालांना दिलेल्या सूचना सेनापतीला जात असत.

आत्यांचं परराष्ट्र धोरण मांडवातलंच होतं. कुणी युद्ध पुकारलं की त्या आधी कळवायच्या, पत्र पोचलं, घरी सगळे कसे आहेत? बेळगावकडच्या एका राजाने यावर आईच्या पाठदुखीची सगळी हकिकत लिहिली. आत्यांनी शेक कसा द्यायचा ते कळवलं, आणि युद्धाचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. हेरखातं त्यांनी बंद केलं नाही, पण त्याला त्या चुगल्या म्हणत. हेराला बजावायच्या, ‘चुगल्या करणं वाईट. पण सांगायला आलाच आहेस तर अर्धवट सांगू नकोस.’ चष्मा सारखा हरवत असल्यामुळे खलिते त्या फोनला बोलून लिहवून घ्यायच्या. एकदा मध्येच कामाला आलेल्या बाईला हाक मारली, तर शत्रूला खलिता गेला, ‘आपलं घोडदळ आमच्या सीमेवर दिसलं अगं गॅस बंद कर उतू चाललंय.’ शत्रूच्या गोटात या वाक्यावर बराच खल झाला. शेवटी हा गुप्त इशारा असावा असं ठरून घोडदळ माघारी गेलं.

त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी म्हणजे कर्दनकाळाशी केलेला तह. कर्दनकाळ हा उत्तरेकडच्या बलाढ्य राज्याचा राजा. त्याचं खरं नाव, गाव कुणालाच माहीत नव्हतं. नुसती त्याची फौज निघाली म्हटलं तरी लोक गाव सोडून दुसऱ्या खेळात जायचे. त्याच्या आणि आमच्या राज्याच्या मध्ये नवशिक्यांचं एक चिमुकलं राज्य होतं. त्याला दोघांपैकी कुणीही हात लावायचा नाही, असा शब्द आत्यांनी कर्दनकाळाला दिला आणि त्याच्याकडून घेतला. या तहाचा त्यांना इतका अभिमान होता की भाजीवालीलाही तो तोंडपाठ झाला होता.

आणि एके दिवशी गुळाची आवक कमी होती, हाताला दुसरं काम नव्हतं, म्हणून आमच्या राजाने, आत्यांना न विचारता, ते चिमुकलं राज्य जिंकून टाकलं. कर्दनकाळाने युद्ध पुकारलं. त्याच्यापुढे आमचं राज्य दोन दिवसही तगलं नसतं. वाचवणार कोण, तर आत्या. आणि आत्या रुसल्या.

आमच्या घराण्यात ही घटना अभूतपूर्व होती. त्यांनी फोन बंद करून कपाटात ठेवला, आणि कुणी काही विचारलं की ‘मला काय विचारता’ म्हणून निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला घेऊ लागल्या. रुसलेल्याची समजूत काढणारं आमच्यात एकच माणूस, आणि तेच रुसलेलं. राजाने हमालाबरोबर गुळाची ढेप पाठवली, ती जिन्यावरूनच परत गेली. मग तो माझ्या फोनवरून बोलला, ‘आत्या, झालं ते झालं.’ रुसलेल्या माणसाला हे वाक्य कधीही म्हणू नये. माझ्या बायकोने त्याहून कडी केली. ती म्हणाली, ‘अगं आत्या, खेळच आहे ना तो.’ आत्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि त्या आतल्या खोलीत जाऊन बसल्या. मी साखर किती असते ते विचारून बघितलं. ‘मला साखर नाही,’ असं उत्तर आलं.

रविवारी सकाळी आम्ही तिथेच असताना बेल वाजली. दारात एक किडकिडीत मुलगा उभा होता. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. हा मूळचा यवतमाळकडचा, वाघोलीला तिघा मित्रांबरोबर खोली करून राहणारा. आत्यांचा पत्ता त्याच्याकडे होता, कारण प्रत्येक खलित्याखाली, धमकीच्या खलित्याखालीसुद्धा, आत्या खुणेसकट घरचा पत्ता देत. ‘मी कर्दनकाळ,’ तो दबक्या आवाजात म्हणाला. ‘आत्या आहेत का?’

आत्या बाहेर आल्या आणि भिंतीकडे बघत बसल्या. तो खुर्चीवर बसेना आणि पाणीही घेईना. म्हणाला, ‘आईले फोन केला होता. म्हटलं, मोठं माणूस रुसलं तर काय न्यावं लागते? आई म्हणे, नारळ ने, आन् हो म्हणेपर्यंत उठून येऊ नको.’ मग तो म्हणाला, ‘आत्या, दोन्हीकडच्या फौजा थांबून राहिल्या. तुम्ही आल्याशिवाय लढाई सुरू करायची नाही, असं ठरवलं आम्ही साऱ्यांनी. तुमच्या लोकांनी बी आन् आमच्या बी.’

आत्यांनी भिंतीवरची नजर काढून त्याच्याकडे वळवली. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, ‘जन्मभर सगळ्यांची समजूत काढत आले रे. माझी काढायला कुणी येईल असं कधी वाटलंच नव्हतं.’

माझी बायको स्वयंपाकघरात गेली आणि विनाकारण भांडी वाजवू लागली. मलाही गॅलरीत काहीतरी काम निघालं. परत आलो तेव्हा कर्दनकाळ पोहे खात होता आणि आत्या फोनचा चार्जर शोधत होत्या. लढाई अर्थातच झाली नाही. संध्याकाळपर्यंत चिमुकलं राज्य परत दिलं गेलं, आमच्या राजाने तिथल्या एकेका गावाची नाव घेऊन माफी मागितली, आणि दोन्हीकडच्या सैनिकांनी तक्रार केली की या बाई असताना लढायला म्हणून मिळत नाही.

तेव्हापासून आत्या अधूनमधून रुसतात. कारण अगदीच किरकोळ असतं, फोन केला नाही, डबा परत आणला नाही. मग आम्ही नारायण पेठेत जातो, कर्दनकाळही वाघोलीहून येतो. पण या वयात शिकल्यामुळे रुसणं त्यांना अजून नीट जमत नाही. दार उघडतानाच हसू फुटतं. म्हणून आम्ही बेल वाजवली की जिन्यात जरा मोठ्याने बोलत थांबतो, त्यांना तोंड फुगवायला वेळ मिळावा म्हणून.