घोंगडीचं टेबल

आमच्या आबांचं नाव हिंदुराव. निमगाव केतकीत कुणालाही विचारा, तो सांगेल की शांत माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. असं सांगणाऱ्यांना आबा कळलेलेच नाहीत. आबा बोलत नाहीत, कारण ते डोक्यात ठेवतात. कुणी बांध कोरला, कुणी पंगतीतून उठवलं, कुणी आहेर परत पाठवला, सगळं तिथं जपून असतं. मी त्यांची थोरली मुलगी, म्हाळसा. स्वभाव त्यांचाच घेतलाय, फक्त मला गप्प बसता येत नाही.

आजोबा होते तोवर आमच्या घरी मेंढरं होती. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या आधी परत यायचं. पुढं विहिरीला पाणी लागलं, ऊस आला, डाळिंब आलं, मेंढरं गेली. आबांनी खांद्यावरची काळी घोंगडी तेवढी सोडली नाही. लग्नाला, बँकेत, कारखान्याच्या सभेला, सगळीकडं घोंगडी. आई कुरकुरायची, पण इस्त्रीच्या शर्टावरही ती घोंगडी आबांना शोभायची, हे तिलाही माहीत होतं.

शहाण्णव साली संभाजीरावांनी बारामतीला लागून जळोचीत बंगला बांधला. संभाजीराव काही परके नाहीत, आमच्यातलेच. त्यांचे वडील आणि माझे आजोबा एकाच कळपामागं कोकणात चालायचे, एका तव्यावरची भाकरी खायचे. पण संभाजीराव लवकर पुढं गेले. ट्रकचा धंदा, सोसायटीची चेअरमनकी, पांढरे बूट. वास्तुशांतीचं आमंत्रण आलं तेव्हा आबा खूश झाले. आपल्यातल्या माणसाचं बरं झालं की त्यांना मनापासून बरं वाटायचं, हे मी मुद्दाम सांगते.

बंगल्याच्या हॉलमध्ये मधोमध हिरव्या कापडाचं भलंमोठं टेबल होतं. आबांनी असलं टेबल आधी कधी पाहिलं नव्हतं. खांद्यावरची घोंगडी काढून त्यांनी त्यावर ठेवली आणि हात जोडून संभाजीरावांपुढं उभे राहिले. संभाजीरावांच्या हातात खेळायची काठी होती. त्यांनी काठीच्या टोकानं घोंगडी उचलली, मेलेला साप उचलतात तशी, आणि दारापाशी फरशीवर टाकली.

"हिंदुराव, मेंढरं भायेर बसवायची असत्यात," ते म्हणाले.

हॉलमध्ये पंधरावीस माणसं असतील. सगळी हसली. त्यात आमच्या गावची होती, आमची सोयरी होती. आबांनी घोंगडी उचलली, झटकली, खांद्यावर टाकली. जेवायला बसले, दोनदा जिलेबी घेतली, यजमानांना रामराम केला. मी माझं ताट तसंच सरकवलं. परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. गाव जवळ आलं तेव्हा कुठं पहिल्यांदा बोलले.

"म्हाळसे, त्या टेबलाला काय म्हणत्यात?"

"पूल टेबल."

"आपल्या सोप्यात बसंल का?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंघोळ केली, देवापुढं बसले आणि बेलभंडार उचलला. आमच्यात एकदा बेल आणि भंडारा हातात घेतला की त्यावर खोटं बोलत नाहीत आणि बोललेलं मोडत नाहीत. कोर्टात गीतेवर हात ठेवून वाट्टेल ते बोलणारा माणूससुद्धा भंडाऱ्यापुढं जीभ सांभाळतो. आबा म्हणाले, "संभाजीला माझ्या घरात, माझ्या टेबलावर हरवीन. आन त्यानं दिलेलं त्याला त्याच माणसांम्होरं परत करीन." आई तिथंच उभी होती. तिनं कपाळावर हात मारला, पण शपथ घेऊन झाली होती.

टेबल मिळालं ते डाळजजवळ. हायवेवरचं एक हॉटेल बंद पडलं होतं आणि मालक सामान काढत होता. उसाच्या ट्रॉलीत खाली पाचट अंथरून आबांनी ते आणलं. लाकडी सांगाडा, सहा पाय, आणि वर बसवायच्या तीन दगडी फरश्या. फरश्या इतक्या जड की उतरवायला निम्मी आळी लागली. दारातून सांगाडा आत जाईना, तेव्हा सिद्धू गवंड्याला बोलावून खिडकी काढली. सोप्यातली धान्याची पोती आईच्या खोलीत गेली, कांदा गोठ्यात गेला, आणि म्हैस बिचारी बाहेर आली.

टेबल लावायचं काम सिद्धूकडंच होतं. त्यानं पायाखाली लाद्यांचे तुकडे सरकवले, पाण्याच्या नळीनं पातळी बघितली आणि हात पुसले. बॉल सोडला तर तो आपला आपण मोरीच्या बाजूच्या कोपऱ्यात गेला. दुसरा सोडला, तोही गेला.

"सिद्धू, आरं उतार दिलास का काय?" आबा म्हणाले.

"मग? पाण्याला वाट नगं व्हय?"

आयुष्यभर स्लॅब आणि न्हाणीघरं बांधलेला माणूस, सपाट काही करायचं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. टेबलावर पाणी पडत नाही हे त्याला पटवायला दुपार गेली. शेवटी पातळी जमली.

खरी अडचण कापडाची निघाली. हॉटेलात पोरांनी सिगरेटी विझवून त्याची चाळण केली होती. मी म्हटलं, पुण्याहून नवं मागवू, हिरवंच मिळतं. आबा बराच वेळ त्या उघड्या दगडावर हात फिरवत राहिले.

"हिरवं कशाला?" ते म्हणाले. "सणगराला सांगतो. काळंच घालू."

मी तुम्हाला खरं सांगते, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आनंदानं. पूल टेबलावर घोंगडी घालायचं जगात दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. खेळाच्या दृष्टीनं ती घोडचूकच होती. घोंगड्या विणणाऱ्या सणगरानं मागावर मापाच्या दोन पट्ट्या विणल्या आणि मधोमध शिवल्या, घोंगडीच्या शिवतात तशा. आईनं, तोंडानं शिव्या देत, चुलीवर चिंचोक्याची खळ शिजवली. ती लावून घोंगडी कडक केली, दगडावर ताणली आणि कडेनं खिळे मारले. सगळं झाल्यावर आबांनी वर भंडारा उधळला. लोकरीत शिरलेली हळद कुठली निघते, काळ्यावर पिवळी झाक राहिली ती राहिलीच.

त्या टेबलावर बॉल पळायचाच नाही. पुण्यामुंबईचा खेळणारा आला असता तर कपाळ धरून बसला असता. बॉल मारला की निम्म्यात दमायचा. हळू मारला तर मधल्या शिवणीला अडायचा, नाहीतर तिच्यावरून उडी घेऊन भलतीकडं वळायचा. पण आबांना दुसरं टेबल माहीतच नव्हतं. त्यांना वाटायचं, खेळ असाच असतो. नियम मी बारामतीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या भावाकडून विचारून आणले. एकानं साधे रंगाचे बॉल घालायचे, दुसऱ्यानं पट्ट्यांचे, आणि आपले संपले की काळा. तो आधी ज्याचा पडेल तो जिंकला.

रोज दुपारी शेतातून आले की आबा आणि मी खेळायचो. ते वाकून काठी धरायचे तेव्हा त्यांचा जबडा आवळलेला असायचा. एकदा मी सहज विचारलं, "आबा, मारताना काय बघता?" तर म्हणाले, "त्याचं त्वांड." पहिल्या पावसाळ्यात मी त्यांना हरवायची. नंतर नाही. शिवणीवरून बॉल कसा न्यायचा, लोकरीचा कल कुठं झुकतो, सगळं त्यांच्या मनगटात बसलं. गाव हसायचं. हिंदुरावाला म्हातारपणी खूळ लागलं म्हणायचं. आबा हसणाऱ्यांची नावं ध्यानात ठेवायचे.

सत्त्याण्णवच्या चंपाषष्ठीला आबांनी खंडोबाची तळी भरायचा बेत मोठा केला. जळोचीत हसलेल्या प्रत्येकाला आमंत्रण गेलं. संभाजीरावांना आबांनी स्वतः फोन लावला. येणार नाहीत असं मला वाटत होतं. पण मेंढपाळाच्या घरातलं टेबल बघायची कुणाला हौस नसते? तर जीप दारात येऊन थांबली.

तळी उचलून झाली. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. सगळ्यांच्या कपाळाला भंडारा लागला आणि मंडळी सोप्यात आली. टेबल बघून संभाजीराव थबकले.

"ही घोंगडी हाय का, हिंदुराव?"

"व्हय. एक डाव टाकायचा का?"

"टाकू की. त्यात काय." त्यांनी खांद्यावरची भारी शाल काढली आणि टेबलाच्या कडेवर ठेवली. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं. देवानं ताटच वाढून ठेवलं होतं.

संभाजीराव चांगले खेळायचे, हे खोटं कशाला सांगू. त्यांचा पहिला फटका झोकात बसला आणि बॉल अर्ध्या वाटेत उभा राहिला. त्यांनी काठीचं टोक तपासलं. पुढचा फटका जोरात मारला, तर बॉल शिवणीवरून उडून खाली पडला आणि पूर्वी पोती असायची त्या कोपऱ्यापर्यंत गडगडत गेला. कुणीतरी खाकरलं. मग कुणीतरी हसलं. आबांनी घाई केली नाही. एक बॉल, मग दुसरा, पाटाचं पाणी वाफ्यात सोडावं इतक्या सबुरीनं ते पॉकेटात सोडत गेले. संभाजीरावांचे पट्ट्यांचे बॉल टेबलभर विखुरलेलेच होते, तेव्हा आबांनी काळा टाकला.

आता लोक मोकळेपणानं हसत होते. तीच माणसं, तेच दात. आबांनी काठी फिरवली, टोकानं ती शाल उचलली आणि दारापाशी जमिनीवर टाकली.

"संभाजीराव, मेंढरं भायेर बसवायची असत्यात."

हे वाक्य मी मनात इतक्या वेळा ऐकलं होतं की प्रत्यक्षात ते थोडं लहान वाटलं. संभाजीराव शालीकडं बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता. नुसता गोंधळ होता.

"काय चुकलं का माझं, हिंदुराव?" ते म्हणाले. "घरी बोलावून असं का?"

"जळोचीला माझी घोंगडी अशीच टाकली व्हती तुमी. ह्याच शब्दांत."

"मी? कवा?"

"वास्तुशांतीला. ह्या सगळ्यांम्होरं."

संभाजीरावांनी सगळ्यांकडं पाहिलं. लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. कुणी मान हलवली, कुणी खांदे उडवले. आमचे एक सोयरे म्हणाले, "आसंल बी, न्हाय आठवत." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, हे धडधडीत खोटं आहे, सगळे खोटं बोलताहेत.

आबांनी हातानं मला थांबवलं. देवापुढचं बेलभंडाऱ्याचं ताट उचललं आणि संभाजीरावांपुढं धरलं.

"उचला," ते म्हणाले.

मला खात्री होती की ते उचलणार नाहीत. कितीही मोठे झाले, पांढरे बूट आले, तरी ते आमच्यातलेच. माझी सगळी आशा त्या एका गोष्टीवर होती की त्यांचा हात मागं येईल. त्यांचा हात मागं आला नाही. त्यांनी बेलाचं पान घेतलं, चिमूटभर भंडारा घेतला, कपाळाला लावला आणि सरळ आबांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मल्हारी मार्तंडाची आण. मला ह्यातलं कायबी आठवत न्हाय."

ते खरं होतं. आम्हा सगळ्यांना ते त्याच क्षणी कळलं. खोटं असतं तर किती बरं झालं असतं. खोटं बोलणारा माणूस निदान तुमच्याइतकाच तो दिवस उराशी धरून असतो. ह्यांनी तर काठीवरची धूळ झटकावी तशी घोंगडी टाकली होती आणि जेवायला निघून गेले होते. मला त्यांचा त्या दिवशी जितका राग आला नव्हता तितका आता आला, आणि तो कुठं टाकायचा हे कळेना.

आबांनी ताट खाली ठेवलं. टेबलाला हात टेकून उभे राहिले, सगळ्यांकडं पाठ करून.

"दीड वरीस मी ह्याच्यासंगं खेळत व्हतो," ते हळूच म्हणाले, "आन ह्यो खेळातच न्हवता."

मंडळी उठली. जेवणं बाहेर मांडवात होती, पण बऱ्याच जणांना एकदम कामं आठवली. शाल उचलून मी संभाजीरावांच्या मागं दारापर्यंत गेले, द्यायची म्हणून नाही, घरात ती नको होती म्हणून. ते पायात बूट घालत होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. शाल घेऊन त्यांनी तिच्यावरची माती बोटांनी झाडली, एका जागी जरा जास्तच वेळ. मग माझ्याकडं न बघता काहीतरी म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

मी आत आले. आबा तसेच उभे होते. सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. आई दोनदा येऊन जेवायचं विचारून गेली होती, ते नको म्हणाले होते.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गेले."

"जाताना काय म्हणला?"

"म्हणाले, मागचं मला ठाऊक न्हाय पोरी, पर आजचं मी मरस्तोवर इसरणार न्हाय."

आबा वळले.

"कसं म्हणला? पुन्ना सांग."

मी पुन्हा सांगितलं, शब्द न् शब्द. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आईला हाक मारून म्हणाले, "बानू, वाढ मला."