जाहिरात आली की खालून कापायचं

रद्दीवाला दर महिन्याला पेपर घेऊन जातो, किस्से मात्र घरातच राहतात. बुलढाण्यातल्या एका दैनिकात बावीस वर्षं मी मुलांचं विज्ञानाचं पान काढलं. 'करून पाहा' असं त्याचं नाव. त्यातले हे काही. हसू आलं तर हसा, मला आता येत नाही.

*

आमच्याकडे एक पक्का नियम होता. ऐनवेळी जाहिरात आली की मजकूर खालून कापायचा. माझ्या प्रयोगाचं कारण नेमकं खाली असायचं.

जळगाव जामोदच्या स्टँडवर एका गुरुजींनी मला गाठलं. "सर, तुम्ही लिहिलं तसा जळत्या मेणबत्तीवर गिलास पालथा घातला, ताटलीतलं पाणी आत चढलं. पण काऊन चढलं, थे तुम्ही सांगतलंच नाही. पोरं मले विचारून राह्यले."

मी संपादकांकडे गेलो. ते म्हणाले, "मुलांना गंमत हवी असते हो. कारण कोण वाचतं?"

*

मग मी शहाणपणा केला. कारण वर लिहिलं, कृती खाली. त्या आठवड्यात कारण छापून आलं आणि प्रयोगच गेला.

*

ग्रहणात जेवलं तरी काही होत नाही, असं एकदा लिहिलं. शेजारीच दुप्पट मोठ्या चौकटीत 'ग्रहणात काय खाऊ नये'!

संपादक म्हणाले, "दोन्ही बाजू यायला पाहिजेत."

तेव्हा मी 'बरं' म्हणून परत आलो, याची लाज आजही वाटते.

*

वडनेर भोलजीची आठवीतली एक मुलगी वडिलांच्या फोनवरून दर सोमवारी मेसेज करायची. "सर, तुमचा प्रयोग अर्धाच येते, म्हणून कारण मीच शोधते. हे बरोबर हाये काय?" बहुतेक वेळा बरोबर असायचं. बावीस वर्षांची कमाई म्हणाल तर ही एवढीच.

*

यंदा पान बंद करायचं ठरलं. संपादकांनी निरोपाचा लेख मागितला. मी मन लावून लिहिला. पहिला प्रयोग, मुलांचे प्रश्न, माझा फसलेला ज्वालामुखी. 'हे शेवटचं पान' हे वाक्य लिहिणं जिवावर आलं होतं, म्हणून ते अगदी शेवटी ठेवलं.

रविवारी पेपर उघडला. लेख ज्वालामुखीपाशीच संपला होता. त्याखाली एका नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा, फोटोसकट.

तीन आठवड्यांनी त्या मुलीचा मेसेज आला. "सर, पान दिसून नाही राह्यलं. आता अख्खा प्रयोगच कापला काय? थांबा, मी शोधून पाहते."