पियानोची सोंड

समस्त रायगडकरांस गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, पेणहून रोह्याला पियानो नेण्याची मोहीम अस्मादिकांच्या नेतृत्वाखाली पार पडली. नेतृत्व म्हणजे टेम्पोत पुढे बसून घाम पुसणं.

पियानो डिसोझाबाईंचा. त्या पेणला राहतात. माझी भाची इरा आठ वर्षं दर शनिवार-रविवार रोह्याहून त्यांच्याकडे शिकायला यायची. घरी सराव जेवणाच्या टेबलावर, खडूनं आखलेल्या पट्ट्यांवर. त्या दिवशी संध्याकाळी रोह्यात, शाळेच्या सभागृहात, तिचा पहिला जाहीर कार्यक्रम होता. मुंबईच्या एका संगीतशाळेच्या बाई ऐकायला येणार होत्या. त्यांनी निवडलं तर पुढचं शिक्षण. नाहीतर जूनपासून कंपनीत शिफ्ट, हे तिच्या बाबांनी ठरवून टाकलं होतं.

पेणमध्ये नाजूक वस्तू हलवायची तर गणपतीच्या कारखान्यातल्या माणसांनीच. दत्ताकाका मूर्तिकार छातीवर हात ठेवून म्हणाले, "मामा, तीस वर्षांत आमच्या हातून एक सोंड तुटली नाय." मी निश्चिंतपणे पोह्याचे पापड घ्यायला गेलो. परत आलो तो पियानोचं तोंड लाल फडक्यानं झाकून टेम्पो तयार, आणि मागे त्याला धरून दत्ताकाका!

वडखळ मागे पडलं, मिठागरं दिसू लागली. इराची बोटं गुडघ्यांवर पळत होती. "मामा, खड्डा!" असं ती खड्डा येण्याआधीच ओरडायची.

कासूला चहा घेतला. चहावाल्या आजींनी विचारलं, "काय गो, उन्हाळ्यात गणपती?"

"पियानो आहे, आजी."

"कोनाचं लगीन हाय?"

आम्ही हसलो. इराचा चहा तसाच राहिला.

रोह्यात पियानो मंचावर चढला. तिनं पट्टी दाबली. आवाज नाही. दुसरी, तिसरी... नाही! पोरीचा चेहरा पांढराफटक. कार्यक्रमाला दोन तास उरलेले. मी वरचं झाकण उघडलं, तर आत गच्च पेंढा (भाताचं वाळलेलं काड)!

"काका, हे काय?"

"हात नि सोंडेच्या मधी पेंढा कोंबतो ना आमी, हादरा बसू नये म्हणून. यात तर तारांपाशी किती नाजूक हात होते!" बोलता बोलता काकांना इराचा चेहरा दिसला.

मग त्यांनी खिशातून मूर्तीचे डोळे रेखायचा बारीक कुंचला काढला. इरानं केसांतल्या पिना काढल्या. दोघं काडी काडी उपसत बसले. मी पापडाच्या पिशवीत पेंढा भरत होतो आणि घड्याळाकडे बघत नव्हतो, असं भासवत होतो.

मुंबईच्या बाई पहिल्या रांगेत येऊन बसल्या तेव्हा काका पियानोआडून निघत होते. इरा वाजवायला लागली. दोन सूर प्रवासात उतरले होते. तिनं त्यांना सांभाळून नेलं. मध्येच एक काडी उडून तिच्या मनगटावर पडली. तिचा हात थांबला नाही. माझा श्वास मात्र थांबला.

बाईंनी जाताना तिला सांगितलं, "जूनमध्ये ये." मेहुणे चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी पियानो पेणला परत निघाला, या वेळी पोट रिकामं ठेवून. इरा मागे त्याला टेकून झोपली होती. आठ वर्षं टेबलावर मुकाट वाजवलेलं पहिल्यांदा गावानं ऐकलं, असं माझ्या मनात येत होतं. आणि कानात घुमत होता तो कालचा क्षण. शेवटचा सूर विरलेला, टाळ्या आता वाजवायच्या की थांबायचं हे सभागृहात कुणालाच ठाऊक नाही, आणि त्या शांततेत दाराजवळून दत्ताकाका ओरडले,

"सोंड शाबूत हाय गो पोरी!"