लाइट नसताना लागलेला शॉक

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. माझ्या उजव्या कोपरावरचं टेंगूळ तिने लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात पाहिलं आणि विचारलं. तिला मी तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो. मग तुम्हांलाच का सांगतोय? अव्या गेला म्हणून असेल. किंवा तुम्ही मध्ये बोलत नाही म्हणून.

अव्या, संजू आणि मी — उज्जैनच्या नानाखेड्याला, बसस्टँडच्या मागे, एका खोलीत कॉलेजची वर्षं काढली. अव्या खंडव्याचा; आवाजाने मोठा, अंगाने मोठा, मनानेही. संजू शाजापूरचा. तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करत होता; खोलीतला पंखा, माझा टेबललॅम्प, घरमालकिणीचा मिक्सर, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. मी देवासचा. मी वाचायचो. खोलीला माझा एवढाच उपयोग होता.

आणि एक कूलर होता. अव्याचा. खंडव्याहून बसच्या टपावर बांधून आणलेला. वाटेत त्याची वायर तुटली होती, ती संजूने जोडून वर टेप गुंडाळली होती. उन्हाळ्यात त्या कूलरने आम्हांला जगवलं, हे मान्य. पण आमच्याकडचा श्रावण तुम्ही पाहिलाय? पाऊस तासभर पडतो आणि मग हवा दिवसभर अंगाला चिकटून बसते — बसमधल्या झोपाळू शेजाऱ्यासारखी. टॉवेल वाळत नाही, पापड वाजत नाही, मीठ डबीतून पडत नाही. अशा हवेत पाण्याचा कूलर म्हणजे बुडणाऱ्याला आंघोळ घालणं. पण अव्याचं मत वेगळं होतं. "बिनपाण्याचा कूलर म्हणजे बिनशेवेचे पोहे," असं म्हणून तो रोज सकाळी टाकी काठोकाठ भरायचा.

माझी पुस्तकं कूलरच्या समोरच्या फळीवर होती. आधी पानं फुगली. मग त्यांवर हिरवट ठिपके आले. एके दिवशी शब्दकोश काढायला गेलो, तर पुठ्ठा हातात आला आणि शब्दकोश फळीवरच राहिला.

आता कुठलाही सरळ माणूस काय करील? म्हणेल — अव्या, बंद कर हा. आणि अव्याने केलाही असता, तो तसाच होता. पण मला ते म्हणता येईना. मला अजूनही असलं काही म्हणता येत नाही. हॉटेलात दुसऱ्याची ऑर्डर माझ्यापुढे ठेवली, तर मी खातो.

म्हणून मी शॉक खाल्ला.

म्हणजे — खाल्ला नाही. तेच तर सांगायचंय.

दुपार होती. अव्या गॅसपाशी चहा उतू जाऊ नये म्हणून वाकून बसला होता, संजू नुकताच बाहेरून येऊन दाराशी बूट काढत होता. मी कूलरसमोर बराच वेळ धीर गोळा करत उभा होतो. मग पत्र्यावर हात ठेवला आणि ओरडलो. माझा बेत तेवढाच होता, खरंच — ओरडायचं, हात झटकायचा, "करंट मारतो रे" म्हणायचं. पण ओरडल्यावर वाटलं, हे कमी पडतंय. मी थरथरलो. डोळे फिरवले. शाळेच्या नाटकांत मला कायम झाडाचं काम मिळायचं. इतक्या वर्षांचा साठलेला अभिनय त्या दुपारी बाहेर पडला.

अव्याने क्रिकेटची बॅट उचलली.

शॉक लागलेल्याला हाताने शिवायचं नाही, लाकडाने सोडवायचं — हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ते ठाऊक असेल हे मला सुचलं नव्हतं. मैदानावर जन्मात जमला नव्हता असा फटका त्याने माझ्या कोपरावर मारला. त्यानंतरचं ओरडणं खरं होतं.

फरशीवर पडल्यापडल्या मी वर पाहिलं. पंखा फिरत नव्हता.

लाइट गेली होती. मी धीर गोळा करत होतो तेव्हाच कधीतरी गेली असणार. कूलर बंद, पंखा बंद — आणि मी बंद कूलरचा शॉक लागून जमिनीवर. संपलं, म्हटलं. डोळे मिटून घेतले. तेवढ्यात घरमालकीण आंटीजी जिन्यावरून ओरडत आल्या, "अरे, पूरी गली की लाइट उड़ा दी! क्या किया रे लड़कों?"

मी एक डोळा उघडला. अव्या पंख्याकडे पाहत होता, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर आदर होता.

"एवढा करंट गेला ह्याच्या अंगातून," तो हळूच म्हणाला, "की गल्लीची लाइट गेली!"

संजू मात्र वायरीकडे बघत होता. "टेप तो मैंने अच्छे से लगाई थी, भिया," तो म्हणाला. पुन्हा म्हणाला. मी काही बोललो नाही. कोपर दुखत होतं ना.

त्याच संध्याकाळी कूलर खोलीबाहेर गेला. माझी पुस्तकं वाळली. आणि संजूने पुन्हा वायरीला हात लावला नाही. वर्ष संपताना त्याने डिप्लोमा सोडला. का, ते मी विचारलं नाही — विचारायची गरज होती का? आज माधव नगरात त्याचं भैरवगढी छापाच्या चादरींचं दुकान आहे, चांगलं चालतं. दुकानातला बल्ब बदलायलाही तो मिस्त्री बोलावतो. त्यावर आम्ही हसायचो. मीसुद्धा.

अव्याने ती गोष्ट जन्मभर सांगितली. स्वतःच्या लग्नात, माझ्या लग्नात, मुलीच्या बारशाला. दर वेळी अंधार वाढायचा — आधी गल्ली, मग नानाखेडा, शेवटी अर्धं उज्जैन. बॅट त्याच्या दिवाणखान्यात खुंटीला टांगलेली असे. मी समोर बसून योग्य जागी कोपर पुढे करायचो. थांबवायला हवं होतं, हो. पण केव्हा? बारशाला?

यंदाच्या श्रावणात अव्या गेला. दमट हवेत माझं कोपर ठणकतं. त्याच्या सुतकाचे सगळे दिवस ते ठणकत राहिलं. तेराव्याला, जेवणं आटोपल्यावर, त्याची मुलगी मुक्ता ती बॅट घेऊन माझ्यापुढे बसली.

"काका, ती गोष्ट सांगा ना. बाबा सांगायचे तशी."

समोर भिंतीला टेकून संजू बसला होता. मला वाटलं, हीच वेळ आहे. मग बॅटच्या मुठीवर घट्ट आवळलेली मुक्ताची बोटं दिसली — आणि मी सांगितली. अव्यासारखीच. खोटं कशाला बोलू, मी देवासचीसुद्धा लाइट घालवली. माणसं हसली, रडली. मुक्ता दोन्ही करत होती.

तेव्हा संजू उठला. हात जोडून.

"भाभीजी, मुक्ता बेटा, वो जोड़ मैंने लगाया था. अविनाश भिया नहीं होते तो इनकी जान मेरे हाथों जाती." मग तो माझ्याकडे वळला. "आपसे कभी माफ़ी नहीं माँगी मैंने. हिम्मत ही नहीं हुई. आज माँगता हूँ, भिया."

सगळी खोली माझ्याकडे पाहत होती. लाइट होती. पंखा फिरत होता.

मी उठलो. त्याला छातीशी धरलं आणि म्हणालो, "जाने दे यार, संजू. मैंने तो तुझे कब का माफ़ कर दिया."

तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. मी उजव्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिलो. कोपर जराही दुखत नव्हतं.