हातझाडे सरांची साखळी

प्राध्यापक सीताराम हातझाडे सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथाचं संपादन समितीने एकमताने माझ्याकडे सोपवलं, आणि एकमताने झालेल्या कुठल्याही गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. आमच्या कॉलेजात मी संशयी म्हणून प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्याने रजेचा अर्ज दिला तर मी आधी त्याची सही उजेडात धरून बघतो. अशा माणसाने गौरवलेख लिहावा, हे वाचकांनी सांभाळून घ्यावं.

पंचवीस वर्षांपूर्वी मी मराठीचा अधिव्याख्याता म्हणून कॉलेजात रुजू झालो. हातझाडे सर तेव्हा भूगोलाचे विभागप्रमुख होते. स्टाफरूमच्या कपाटावर एक तपकिरी, दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला चेंडू ठेवलेला दिसला. त्यावर पुसट शाईची गिचमीड होती. हे काय, असं मी विचारलं. सर चहा फुंकत म्हणाले, "इंग्लंडात शिकत होतो तवा तिथल्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीममधी होतो जी. त्यायनंच देल्ला."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. देश इंग्लंडचा, खेळ अमेरिकेचा, नाव फुटबॉल आणि चेंडू मात्र हातात घेऊन पळायचा. शिवाय सर तलावांच्या सिंचनावर अभ्यास करायला शिष्यवृत्तीवर तिकडे गेले ते सदतिसाव्या वर्षी. विशीतल्या धटिंगण गोऱ्या पोरांच्या मध्ये सौंदड गावाकडचा हा काटकुळा माणूस खांद्याला गाद्या बांधून धडका मारत होता, हे मी काय म्हणून मानावं? शाईची ती गिचमीड गोंदियाच्या बाजारात कुणीही काढून दिली असती.

कॉलेजच्या क्रीडादिनाला दरवर्षी सर मुलांना त्या संघाचा इतिहास सांगत. सात-आठ पोरांनी टीव्हीवर हा खेळ पाहिला आणि आपणही खेळायचं ठरवलं, इथून सुरुवात होई. हेल्मेटं नव्हती. अमेरिकन हवाईदलाच्या एका तळावरून जुनी टाकाऊ मिळाली, त्यातली अर्धी कुणाच्याच डोक्याला बसेनात. सराव हॉकीच्या मैदानाच्या कोपऱ्यात, आणि तोही हॉकीवाले हाकलून देईपर्यंत. गोलचे खांब रग्बीवाल्यांचे. पहिला सामना बेचाळीस-शून्य असा हरले. दुसऱ्या वर्षी पोरं इतकी कमी उरली, की चढाई करणारे आणि अडवणारे तेच ते. तिसऱ्या वर्षी पहिल्यांदा जिंकले, तेव्हा संघाचा कप्तान चिखलात बसून रडला. मुलं टाळ्या वाजवत. मी मात्र डायरीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवी. एका वर्षी सरांनी बेचाळीसऐवजी अठ्ठेचाळीस सांगितले. ती नोंद मी लाल शाईने केली आहे.

सरांच्या चांगुलपणाकडेही मी असाच बघत आलो. माझी मुलगी मेंदूज्वराने गोंदियाच्या दवाखान्यात होती, तेव्हा सर तीन दिवस तिथल्या बाकावर बसून होते. घरून डबा आणत, औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन धावत. कर्मचारी सोसायटीच्या निवडणुका जवळ आल्या होत्या, म्हणून मी मनाशी म्हटलं, मत मागतील. निवडणूक आली आणि गेली. सर उभेच नव्हते. याची मला आज लाज वाटते.

आता खऱ्या गोष्टीकडे येतो. सरांच्या आणि माझ्या गावाच्या शिवेवर एक जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातला तलाव आहे. सरांच्या वाडवडिलांनी, म्हणजे तलाव बांधण्यात पिढ्यान्पिढ्या वाकबगार असलेल्या कोहळी लोकांनी तो बांधला. गाळ साचत गेला तशी काठावरच्या लोकांनी आपापल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, तलावाच्या पोटात सरकवत नेल्या. परिणामी धान निसवायच्या वेळी पाटाच्या शेपटाकडच्या शेतांना पाणी पोचत नाही. दोन्ही गावांनी बसून ठरवलं, की हातझाडे सर मोजतील आणि ते सांगतील तो धुरा, म्हणजे शेताचा बांध, सगळे मानतील. सरांनी जुना नकाशा घेतला, लोखंडी साखळी घेतली आणि सर्वांत आधी स्वतःचीच बांधी मोजली. ती नऊ हात तलावात निघाली. ही लोकांना गप्प करायची युक्ती आहे, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. चौथ्या दिवशी ते माझ्याकडे आले. वडिलांनी ठेवलेल्या माझ्या दोनच बांध्या. सरांनी खुंटी ठोकली आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा धुरा सोळा हात आत हाये."

सोळा हात म्हणजे माझी एक बांधी जवळजवळ अर्धी. त्या दिवसापासून मला एकच ध्यास लागला. या माणसाचं एक खोटं उघडं पडलं, तर त्यांचं मोजमाप कोण मानेल? नेमकं त्याच आठवड्यात गौरवग्रंथाचं काम माझ्याकडे आलं. संपादक या नात्याने माहितीची खातरजमा करणं माझं कर्तव्यच होतं. मी त्या विद्यापीठाच्या संघाचं संकेतस्थळ शोधलं. त्यावर संघाचा सगळा इतिहास होता. हवाईदलाची हेल्मेटं, हॉकीवाले, बेचाळीस-शून्य, सगळं तंतोतंत. आणि सरांच्या काळातल्या खेळाडूंच्या यादीत हातझाडे हे नाव नव्हतं. मी यादी तीनदा वाचली. खरं सांगतो, मला आनंद झाला. मी तिथे ई-मेल पाठवून विचारणा केली, आणि उत्तराची वाट न बघता यादीचा कागद छापून थेट सरांच्या घरी गेलो.

सर अंगणात साखळीला तेल लावत बसले होते. काकूंनी पाणी दिलं. मी कागद पुढे केला.

"सर, यात तुमचं नाव नाही."

"नसनच," सर म्हणाले. "मी कुठं खेळत होतो? मी साखळी धरत होतो."

त्यांनी समजावून सांगितलं. त्या खेळात चार डावांत चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. तो पोचला की नाही, हे मैदानात साखळी ताणून मोजतात. साखळीच्या दोन टोकांना दोन काठ्या असतात आणि त्या धरायला यजमान संघाने माणसं द्यायची असतात. कडाक्याच्या थंडीत तिथे उभं राहायला कुणी तयार नसे. सर वसतिगृहाच्या खिडकीतून बघायचे. एक दिवस खाली उतरले आणि म्हणाले, आमच्या घरात हेच काम चालतं.

"मग इतकी वर्षं सांगितलं काऊन नाही?" मीही त्यांच्याच बोलीवर आलो.

"तुमी इचारलं काय कधी? तुमी दरसाल स्कोर लिहून घेऊन राहिले."

काकू पदराआड हसल्या. मी हसलो नाही. काठी धरल्याचाही पुरावा नसतो, असं म्हणून मी निघून आलो.

पंधरा दिवसांनी तिकडून उत्तर आलं. चिखलात बसून रडलेल्या त्या कप्तानानेच ते लिहिलं होतं. आता तो संघाचा इतिहास सांभाळतो. त्याच्या पत्राचा आशय असा. हंगामातला शेवटचा सामना होता, जिंकले तर पुढची फेरी. शेवटच्या क्षणी चेंडू अडला आणि पंचांनी साखळी मागवली. पुढची काठी सीतारामच्या हातात होती. कप्तान त्याच्या कानाशी जाऊन म्हणाला, चार बोटं मागे कलव. सीतारामने काठी सरळ धरली. चेंडू चार बोटं कमी पडला आणि संघ हरला. महिनाभर त्याच्याशी कुणी बोललं नाही. पुढच्या हंगामात मात्र पाहुणे संघ आधी विचारू लागले, साखळी तोच माणूस धरणार ना? तो मायदेशी निघाला तेव्हा सगळ्यांनी चेंडूवर सह्या करून दिल्या. इतिहास लिहिताना कप्तानाला स्वतःची लाज लिहायची नव्हती. म्हणून त्याने तो सामना गाळला, आणि सामन्याबरोबर माणूसही गळला. आता तो दुरुस्त करतो आहे. शेवटी एक ओळ होती, त्या पहिल्या पराभवाचा आकडाही चुकला आहे, बेचाळीस नव्हे, अठ्ठेचाळीस.

ते पत्र मी दोन दिवस कुणाला दाखवलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांकडे गेलो आणि म्हणालो, माझी बाजू पुन्हा मोजा, या वेळी दुसरं टोक मी धरतो. सरांनी साखळी उचलली. आम्ही तलावावर गेलो. सर नकाशावरच्या जुन्या दगडापाशी उभे राहिले. मी माझ्या धुऱ्यावर काठी रोवली. मनगट किंचित कलवलं असतं तर हातभर जमीन वाचली असती, आणि सरांची नजर दुसरीकडे, पाण्यावर होती. माझ्यासारख्या माणसाकडे त्यांनी पाठ करून उभं राहावं, हे मला सहन होईना. मी काठी दोन्ही हातांनी सरळ धरली आणि साखळी ताठ ओढली.

सोळा नाही, सतरा हात निघाले.

"मांगं दुसरं टोक एका पोरानं धरलं होतं, काठी कलली असन," सर म्हणाले. "तुमी चांगली धरली जी."

पंचवीस वर्षांत सरांनी केलेली माझी ही पहिली स्तुती. त्याच आठवड्यात मी धुरा फोडला आणि सतरा हात मागे नवा बांधला. या हंगामात शेपटाच्या शेतांना पाणी पोचलं, असं लोक सांगतात. मी स्वतः जाऊन बघून आलो. पोचलं आहे.

सरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे शाबूत राहोत आणि नजर अशीच राहो. तलावाची उरलेली बाजू अजून मोजायची आहे, आणि साखळीचं दुसरं टोक धरायला मी रोज सकाळी हजर असतो.