जे खिडकीत, तेच फळीवर

चष्मेवाल्याच्या घरी माडीवर एक खोली होती, खोलीला एकच खिडकी होती, आणि त्या खिडकीत एक अख्खं स्टेशन मावत होतं. समोरच्या भिंतीला लागून एक लांबलचक फळी होती. फळीवरही तेच स्टेशन होतं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याएवढं. मान इकडे वळवली की खरं, तिकडे वळवली की त्याने केलेलं. मी शेजारी राहणारा. तो जिना चढून किती वेळा वर गेलो असेन त्याला गणती नाही, पण मान वळवल्यावर दोन्हींत फरक सापडला असं कधी झालं नाही.

त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. बाजाराच्या टोकाला त्याचं दुकान होतं. काचा घासायच्या आणि फ्रेमच्या मापात बसवायच्या, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यामुळे बारीक चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, केसाएवढे स्क्रू ही हत्यारं त्याच्या बोटांना भावंडांसारखी झाली होती. बोलणं बेताचं. गिऱ्हाइकाला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि "आता? आता?" एवढंच विचारायचं, ही सवय घरीही सुटली नव्हती.

आगगाडीचं मॉडेल करणारे लोक पुष्कळ असतात. बहुतेकांना धूर सोडणारं इंजिन लागतं, पितळी बटणांचा गार्ड लागतो, कंदिलाचे खांब लागतात. चष्मेवाल्याला ते पटत नसे. "जी गाडी आपण डोळ्यांनी पाहिली नाही, तिचं काय कौतुक करायचं?" तो म्हणायचा. "मी जी आहे ती करणार." म्हणून त्याच्या फळीवर दोन डब्यांची विजेवरची गाडी होती, वर तारा होत्या, प्रवाशांना बसायचा काचेचा आडोसा होता, पैसे गिळून तिकीट न देणारं यंत्र होतं, आणि फलाटामागच्या भिंतीवर कुणीतरी रंगाच्या फवाऱ्याने काढलेलं वेडंवाकडं नावही होतं. ते नाव त्याने भिंग लावून काढलं होतं, जिथे रंग ओघळला होता तिथे ओघळासकट.

झाडं आणि माणसं वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची. तांब्याची तार पिळून खोड करायचं, स्पंजचा चुरा रंगवून पानं करायची. माती म्हणजे उकळून वाळवलेली चहाची भुकटी. माणसं बोटाच्या पेराएवढी. त्यांतल्या निम्म्यांच्या माना खाली, कारण ती मोबाइल बघत होती.

"दुसऱ्यांच्या मॉडेलमधली माणसं रुमाल हलवतात," वहिनी मला सांगायच्या. "आमची वर बघतसुद्धा नाहीत. गाडी अंगावरून गेली तरी कळायचं नाही मेल्यांना."

"आणि गाडी उशिरा आली तर?" मी विचारलं.

"मग मान वर करून एकदा यांच्याकडे बघतात. यांचाच दोष असल्यासारखं."

चष्मेवाला भिंगाआडून हसायचा.

त्या घराचा एक नियम होता: जे खिडकीत, तेच फळीवर. समोर बाकाला निळा रंग लागला, की संध्याकाळपर्यंत इथला बाक निळा. कचऱ्याच्या डब्याचं झाकण चोरीला गेलं, की इथलंही झाकण गेलं. हा नियम म्हणजे नवराबायकोचा खेळच होता. आधी कोणाला दिसतं, यावर दोघांची चढाओढ. वहिनी भाजी चिरता चिरता खालून ओरडायच्या, "अहो, पुढच्या खांबावरचा दिवा बदलला, पिवळा होता तो पांढरा झाला." आणि हा हार न मानता म्हणायचा, "सकाळीच बघितलंय मी." बघितलेलं नसायचं. वहिनींना ते माहीत असायचं.

फळीखालच्या कप्प्यात एक टिनाचा डबा होता. त्यात पिवळी पिशवी घेतलेली एक बाई असायची. ती त्यांची लेक. खरी लेक त्या रेल्वेमार्गाच्या दुसऱ्या टोकाला राहायची, एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. सुट्टीला त्याच दोन डब्यांच्या गाडीने यायची. ती उतरली, की वहिनी टिनाच्या डब्यातून पिवळी पिशवीवाली काढून फलाटावर उभी करायच्या. ती परत गेली, की उचलून डब्यात ठेवायच्या. हा नियमातलाच भाग, पण तो हात फक्त वहिनींचा.

मग एके दिवशी शहरातल्या हौशी मॉडेलकारांच्या मंडळाने त्याला प्रदर्शनाला बोलावलं. मोठ्या सभागृहात जागा, नावाची पाटी, सगळं. त्याआधी कितीदा त्याने विचारलं होतं, आणि दर वेळी उत्तर आलं होतं की लोकांना जुनं बघायला आवडतं, आजची गाडी बघायची तर लोक स्टेशनवर जातील. या वेळी मात्र मंडळाचे सचिव स्वतः फोनवर बोलले. वहिनींनी फळीच्या पायांना झाकणारी निळी झालर शिवायला घेतली. ज्याला त्याला सांगत सुटल्या. "आपली गाडी परक्या माणसांसमोर धावताना मला एकदा बघायची आहे," मला म्हणाल्या. "इतकी वर्षं आम्ही दोघंच टाळ्या वाजवतोय."

आणि प्रदर्शनाची तयारी चालू असतानाच स्टेशनच्या काचेवर कागद लागला. प्रवासी थोडे म्हणून मार्ग बंद.

शेवटची गाडी रोजच्यासारखीच आली आणि रोजच्यासारखीच गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो तेव्हा चष्मेवाला दोन डब्यांची गाडी कापसात गुंडाळत होता.

"पुसायला काढलीत वाटतं," वहिनी म्हणाल्या.

"समोर नाही," तो म्हणाला.

वहिनींनी खिडकीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अहो, प्रदर्शन होईपर्यंत तरी..."

"नियम तुझाही आहे."

"माणूस गेलं तरी त्याचा फोटो भिंतीवर लावतात की."

"लावतात. त्याला रोज पान वाढत नाहीत."

मला वाटलं होतं, गाडी काढली, आता थांबेल. पण समोर कामगार आले. त्यांनी वरच्या तारा गुंडाळून नेल्या. त्या संध्याकाळी चष्मेवाल्याने ज्या चिमट्याने एकेक तार ताणून बसवली होती, त्याच चिमट्याने ती उतरवली. खांब गेले. इथेही खांब गेले आणि फळीत सुईच्या टोकाएवढी भोकं राहिली. तिकिटाचं यंत्र उचललं गेलं. पलीकडचे रूळ उपटले गेले, तेव्हा त्याने रुळांखाली पातं सरकवून ते असे सोडवले, जसं जखमेवरची पट्टी सोडवतात. एखादं घर बांधताना जेवढी काळजी घ्यावी, तेवढी काळजी तो मोडताना घेत होता. हे बघवत नव्हतं, आणि त्याचा हात इतका सुरेख चालत होता की नजरही काढवत नव्हती.

माणसंही गेली. "आता इथे कोण उभं राहणार?" म्हणत त्याने मोबाइलवाली, छत्रीवाली, पेंगणारी, सगळी एकेक उचलून टिनाच्या डब्यात निजवली. वहिनी दारात उभ्या होत्या.

"थोडं गवत लागेल," तो त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "फलाटाच्या कडेला उगवलंय."

"झाडं सांगा, करते. माणसं सांगा, करते. गवत मी करणार नाही."

"अगं, पण समोर आहे."

"असू दे समोर."

एवढं बोलून त्या खाली गेल्या. त्या घरात नियम पहिल्यांदा मोडला तो असा, मूठभर गवतापायी. फलाटाची कडा फळीवर बोडकी राहिली, आणि चष्मेवाला जाता येता त्या बोडक्या कडेकडे दातात खडा आल्यासारखा बघत राहिला.

मी त्याला एकटं गाठून म्हटलं, "दादा, प्रदर्शनापुरती तरी गाडी चालवा. तिथे कोणाला काय कळणार आहे?"

"मग ते मागल्या वर्षीचं स्टेशन होईल," तो म्हणाला. "मागल्या वर्षीचं काय आणि शंभर वर्षांपूर्वीचं काय. मेलेली गाडीच पळवायची होती, तर धूरवालीच केली असती मी."

मी जिना उतरून खाली आलो.

लेक त्या काळात एकदाच आली, दोन बस बदलून. संध्याकाळी पोहोचली, जेवली, झोपली, आणि सकाळी बस चुकेल म्हणून निघाली. वहिनींनी टिनाच्या डब्याला हात लावला नाही.

प्रदर्शनाच्या दिवशी फळीचे तीन तुकडे माझ्या गाडीत घालून आम्ही शहरात गेलो. सभागृहात जिकडेतिकडे शिट्ट्या, धूर, बोगद्यातून निघणारी इंजिनं, डोंगर, झरे. आमच्या वाट्याला भिंतीकडची जागा होती. निळी झालर लावली, दिवा लावला. त्या उजेडात एक फलाट, एक रूळ, एक रिकामा आडोसा, आणि भिंतीवरचं ओघळलेलं नाव.

लोक येत, थांबत, गाडीची वाट बघत. डावीकडून येईल की उजवीकडून, म्हणून दोन्हीकडे बघत. मग हळूच पुढे सरकत. एक बाई फार चांगल्या मनाने म्हणाली, "किती बारीक काम आहे. पण हे कशाचं आहे?" एका बापाने पोरांना हाताला धरून नेलं, "चला रे, हे बंद आहे." चष्मेवाला प्रत्येकाला मान लवून नमस्कार करत होता. कोणी चुकीचं बोलत नव्हतं. हे बंदच होतं.

दुपारी सचिव आले. बरा माणूस होता, पण घाम पुसत होता. "अहो, गाडी कुठाय तुमची?"

"बंद झाली."

"बिघडली म्हणता? आमच्याकडे दुरुस्तीवाले आहेत, पाठवू का?"

"बिघडली नाही. आमच्याकडे गाडीच येत नाही आता."

सचिवांनी माझ्याकडे पाहिलं, मी झालरीकडे. "तसं होतं तर आधी कळवायचं होतंत," ते आवाज खाली आणून म्हणाले. "भिंतीकडची जागा मागत चार जण मागे लागले होते माझ्या."

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. "गाडी आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून रुमाल काढला. रुमालात ती दोन डब्यांची गाडी होती. घरून निघताना कधी कापसातून काढून घेतली होती कोण जाणे. त्यांनी वाकून तिची चाकं रुळावर बसवली. चाकं बसायला वेळ लागला, कारण हे काम त्यांनी कधी केलं नव्हतं. मग रुमालाच्या कोपऱ्याची गाठ सोडली आणि पिवळी पिशवीवाली फलाटावर उभी केली. आजूबाजूचे लोक थांबले. मागचे टाचा उंचावून बघू लागले. वहिनींनी वेग वाढवायचं बटण धरलं आणि हळूहळू फिरवलं.

गाडी हलली नाही. त्यांनी बटण पूर्ण फिरवलं, परत आणलं, पुन्हा फिरवलं.

"फळीखालच्या तारा काढल्यात मी," चष्मेवाला म्हणाला.

"खालच्या कशाला?" वहिनींचा आवाज अगदी साधा होता. "त्या तर खिडकीतून कधी दिसतच नव्हत्या."

"समोरचा करंट तोडला ना त्यांनी."

वहिनींनी बटण सोडलं. मग त्यांनी एक बोट गाडीच्या मागे लावलं आणि ढकललं. गाडी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. तिथे रूळ संपत होता, तिथे थांबली. पाठीमागून कोणीतरी हसलं, वाईट हेतूने नव्हे, आणि एकदोघांनी टाळ्याही वाजवल्या. परक्या माणसांसमोर धावताना बघायची होती ती गाडी ही अशी धावली.

चष्मेवाला चिमटा घेऊन वाकला. मला वाटलं, चाक घसरलं असेल, ते सरळ करतोय. त्याने पिवळी पिशवीवालीला कमरेत धरून उचललं आणि बायकोच्या तळहातावर ठेवलं.

"ती गाडीने येत नाही आता," तो म्हणाला.

वहिनींनी मूठ मिटली. परतीच्या वाटेवर, घरी फळ्या वर चढवताना, झालर घडी करतानाही ती मूठ उघडलेली मी पाहिली नाही. सगळं काम त्यांनी एका हाताने केलं.

त्यानंतर वहिनी माडीवर जाईनात. गाडी स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे होती, तिच्याविषयी त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. खालून "अहो, बघितलंत का" अशी हाक येणं थांबलं. समोर उरलेला रूळ गेला, आडोसा गेला, इमारत पाडली, ओघळलेल्या नावाची भिंत पाडली. तो एकटाच बघायचा, एकटाच काढायचा. लेकीचा फोन यायचा, सुट्टी मिळाली की येते म्हणायची. दोन बस बदलून यायला सुट्टीही मोठी लागते.

शेवटी फळीवर चहाच्या भुकटीची सपाट माती उरली. काढायला काही राहिलं नाही, तशी त्याची बोटं रिकामी पडली. दुकानातही काचा उलट्या बसू लागल्या. गिऱ्हाइकाला "आता?" विचारायचा आणि उत्तर ऐकायचाच नाही.

एके दुपारी मी त्याच्यापाशी बसलो होतो. जिन्यावर पावलं वाजली. वहिनी वर आल्या, हातात हिरव्या रंगवलेल्या स्पंजच्या चुऱ्याची वाटी. कोणाशी न बोलता त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग फळीवर डिंकाचं पाणी शिंपडलं आणि चिमटीने गवत पेरायला लागल्या, जिथे फलाट होता तिथे, जिथे आडोसा होता तिथे, जिथे लेक उतरायची तिथे. खूप वेळ पेरत होत्या. तो हात बांधून बघत होता.

"समोर डावीकडे जरा दाट आहे," तो म्हणाला.

त्यांनी डावीकडे दाट केलं.

"आता?" त्याने विचारलं.

वहिनींनी रिकामी वाटी पदराने पुसली. "आता काही नाही," म्हणाल्या, आणि खाली गेल्या.

मी सवयीने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. फरक नव्हता.